एका बटणाने बदललेले न्यायाधीश : हॅरिस काउंटीतला जामिनाचा वाद आणि २०१८ची निवडणूक

आपल्याकडे कनिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश परीक्षा देऊन येतो. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. नेमणुका राज्यघटनेच्या कलम २३३ आणि २३४ नुसार, उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने होतात. न्यायाधीश होण्यासाठी कुणाला पक्षाचे तिकीट मागावे लागत नाही. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मात्र ते मागावेच लागते. तिथे खालच्या न्यायालयातला न्यायाधीशही डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहतो आणि दर चार वर्षांनी मतदारांसमोर जातो.

ही पद्धत वाईट आहे असे म्हणणे सोपे आहे. पुढे दिलेले प्रकरण मी निवडले ते वेगळ्या कारणासाठी. यात निवडणुकीने एक खरा अन्याय थांबवला, आणि तो थांबवताना त्या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या न्यायाधीशालाही घरी पाठवले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर घडल्या. त्या निवडणुकीतले न्यायाधीश आणि दाव्यातले पक्षकार यांची नावे मुद्दाम टाळली आहेत. घटना, तारखा आणि आकडे सार्वजनिक नोंदींतले आहेत.

पार्श्वभूमी

ह्यूस्टन शहर हॅरिस काउंटीत येते. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. २०२०च्या जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या ४७ लाखांहून अधिक, म्हणजे लोकसंख्येत देशातली तिसरी मोठी काउंटी. इथे गंभीर गुन्हे, मोठे दिवाणी दावे, कौटुंबिक आणि बालगुन्ह्यांचे खटले जिल्हा न्यायालयांपुढे चालतात. किरकोळ गुन्ह्यांसाठी, म्हणजे ज्यांना जास्तीत जास्त एक वर्ष कैद होऊ शकते अशा गुन्ह्यांसाठी, काउंटी फौजदारी न्यायालये आहेत. या प्रकरणाच्या काळात ती १६ होती. परवान्याविना गाडी चालवणे, दुकानातून लहानसहान वस्तू उचलणे, थोडा गांजा जवळ सापडणे असे खटले तिथे येतात. सामान्य माणसाची न्यायव्यवस्थेशी गाठ पडते ती बहुधा इथेच.

टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश निवडून देण्याची पद्धत १८५० मध्ये आली. यादवी युद्धानंतरच्या काळात नेमणुकीचा अधिकार गव्हर्नरकडे गेला होता. त्या राजवटीबद्दलचा राग मनात ठेवूनच १८७६ची राज्यघटना लिहिली गेली, आणि तिने न्यायाधीश पुन्हा मतदारांच्या हाती दिले. सत्ताधाऱ्याने आपली माणसे न्यायासनावर बसवू नयेत, हा त्यामागचा विचार होता. तो आजही चुकीचा वाटत नाही. न्यायाधीशांची नेमणूक कोणी करायची यावर आपल्याकडेही कॉलेजियमच्या निमित्ताने वर्षानुवर्षे वाद चालला आहेच.

अडचण सुरू होते ती मतपत्रिकेच्या लांबीपासून. ह्यूस्टनच्या मतदाराला सिनेटरपासून खाली उतरत जावे लागते आणि शेवटी कित्येक डझन न्यायाधीशांपर्यंत पोहोचावे लागते. इतक्या उमेदवारांची माहिती वकिलालाही नसते. वकील संघटना सदस्यांकडून न्यायाधीशांचे मूल्यमापन करून घेते, वृत्तपत्रे शिफारशी छापतात. पण बहुतेक मतदार नावापुढचे पक्षाचे अक्षर पाहूनच मत देतात. त्यात २०१८ पर्यंत ‘स्ट्रेट टिकट’ची सोय होती. एक बटण दाबले की वरपासून खालपर्यंत त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जात असे.

त्यामुळे इथे न्यायाधीश एकेकटे पडत नाहीत, लाटेत पडतात. १९९४ मध्ये हॅरिस काउंटीत रिपब्लिकन पक्षाची लाट आली आणि जवळजवळ सगळे डेमोक्रॅट न्यायाधीश गेले. २००६ मध्ये राज्यातल्याच डॅलस काउंटीत उलटे झाले, तिथल्या न्यायाधीशपदाच्या सगळ्या लढती डेमोक्रॅट पक्षाने जिंकल्या. २००८ मध्ये ओबामांच्या लाटेत हॅरिसमधल्या बहुतेक जागा डेमोक्रॅट पक्षाकडे गेल्या, २०१० मध्ये वारे पुन्हा फिरले.

या पद्धतीला वंशाचीही बाजू आहे, आणि ती सोडून हे प्रकरण नीट समजत नाही. न्यायाधीश संपूर्ण काउंटीतून निवडले जातात, वॉर्डनिहाय नाही. याविरुद्धच्या दाव्यात कृष्णवर्णीय वकिलांची संघटनाही उतरली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायदा खालच्या न्यायाधीशांच्या निवडणुकीलाही लागू आहे असे ठरवले. तेव्हाचा आकडा बोलका आहे : काउंटीत सुमारे २० टक्के कृष्णवर्णीय, आणि ५९ जिल्हा न्यायाधीशांपैकी कृष्णवर्णीय तिघे. तत्त्व मान्य झाले, पण काउंटीभर एकच मतदारसंघ ठेवण्याची रचना पुढच्या अपिलांत टिकून राहिली.

समस्या

मे २०१६ मध्ये एका तरुण आईला वैध परवान्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. तिला लहान मुलगी होती आणि हातात पैसे नव्हते. जामिनाची रक्कम ठरली २,५०० डॉलर. जामीनदार दलालाला साधारण दहा टक्के दिले की सुटका होते, पण तेवढेही तिच्याकडे नव्हते. तिने तुरुंगातूनच संघीय न्यायालयात दावा लावला. गरीब आरोपींना केवळ पैसे नाहीत म्हणून डांबून ठेवणे राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असे तिचे म्हणणे होते. तिच्यासारखे इतरही या दाव्यात होते. प्रतिवादींमध्ये काउंटी, तिचे अधिकारी आणि किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयांतले सोळाही न्यायाधीश होते.

पद्धत अशी होती. गुन्ह्याप्रमाणे जामिनाच्या रकमांचा तक्ता ठरलेला असे, आणि तो या न्यायाधीशांनीच मंजूर केलेला असे. अटकेनंतर आरोपीला तुरुंगातल्या कॅमेऱ्यासमोर उभे करत, पलीकडे पडद्यावर सुनावणी अधिकारी. ही सुनावणी एक-दोन मिनिटांत आटपे. बोलू नका, असे आरोपीला सांगितले जाई. त्याची ऐपत कुणी विचारत नसे. जातमुचलक्यावर, म्हणजे पैसे न भरता केवळ हमी देऊन, सोडण्याची तरतूद कायद्यात होती, पण ती क्वचितच वापरली जाई.

संघीय न्यायाधीश ली रोझेनथाल यांनी २८ एप्रिल २०१७ रोजी १९३ पानांचा निर्णय दिला. किरकोळ गुन्ह्यात अटक झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक खटला निकाली निघेपर्यंत आतच राहत होते. आत राहिलेला आरोपी काही दिवसांतच गुन्हा कबूल करून मोकळा होई, कारण कबूल केला की घरी जाता येई. बाहेर असलेल्याचा खटला मात्र महिनोन् महिने चाले, आणि बऱ्याचदा तो सुटे. म्हणजे दोष कुणाच्या माथी बसणार हे पुराव्याऐवजी खिशावर ठरत होते. ज्या देशात तुरुंगातल्या चारपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत, त्या आपल्या देशातल्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये.

इथे एक गोष्ट नोंदवावी लागेल. हा निर्णय देणाऱ्या न्यायाधीशाला निवडणूक लढवायची नव्हती. संघीय न्यायाधीशांची नेमणूक तहहयात असते, आणि रोझेनथाल यांची नेमणूक १९९२ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी केली होती.

न्यायाधीशांसमोरचे पर्याय

२०१७च्या उन्हाळ्यात त्या सोळा न्यायाधीशांपुढे दोन रस्ते होते. पहिला, आदेश मान्य करून तडजोडीला बसणे आणि नवे नियम स्वतः लिहिणे. दुसरा, वरच्या न्यायालयात अपील करणे.

तडजोडीच्या बाजूने बरेच काही होते. २०१६ मध्ये निवडून आलेले शेरीफ आणि सरकारी वकील, दोघेही जुन्या पद्धतीच्या विरोधात उघडपणे बोलत होते. खर्च काउंटीच्या तिजोरीतून जाणार होता. विरुद्ध बाजूनेही मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. जामिनाचे नियम ठरवणे राज्याच्या न्यायाधीशांचे काम, संघीय न्यायालयाने त्यात शिरू नये, असे त्यांना वाटत होते. सोडलेला आरोपी तारखेला हजर राहील का, ही काळजीही खरी होती.

पण तिसरी एक गोष्ट होती जी कागदावर येत नाही. ‘गुन्हेगारांना सोडणारा न्यायाधीश’ हा शिक्का पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, महागात पडतो. पक्षाचे तिकीट ज्या थोड्या कट्टर मतदारांच्या हाती असते, त्यांच्यासमोर कडक दिसणे फायद्याचे ठरते. प्रत्येक न्यायाधीशाच्या मनात हेच होते असे म्हणता येणार नाही. पण रचना माणसाला कोणत्या दिशेने ढकलते, हे स्पष्ट आहे.

चौदा जणांनी लढायचे ठरवले. दोघे वेगळे झाले. त्यांतला एक डेमोक्रॅट होता, त्या सोळांतला एकुलता एक. दुसरा रिपब्लिकन, सुमारे दोन दशके त्या खुर्चीवर असलेला आणि स्वतः कृष्णवर्णीय. त्यांना आपण इथे ‘क्ष’ म्हणू. आदेशानंतर त्यांनी जाहीरपणे तडजोडीची बाजू घेतली आणि अपिलावर लोकांचे पैसे खर्च करण्याला विरोध केला.

क्ष यांच्यापुढे आणखी एक निर्णय होता. पक्ष बदलावा, निवडणूक सोडावी, की याच तिकिटावर उभे राहावे? टेक्सासमध्ये न्यायाधीशांनी पक्ष बदलणे नवे नाही. १९८०च्या दशकात वारे बदलताना पाहून अनेक डेमोक्रॅट न्यायाधीश रिपब्लिकन झाले होते. क्ष यांनी पक्ष बदलला नाही. त्यांच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही, पण वीस वर्षांचे काम पाहून मतदार आपल्याला वेगळे ओळखतील अशी अपेक्षा बाळगण्यात गैर काहीच नव्हते.

विधिमंडळाचा निर्णय

याच वर्षी राजधानी ऑस्टिनमध्ये दुसरा एक निर्णय होत होता. स्ट्रेट टिकटची सोय बंद करणारे विधेयक रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळात मंजूर झाले आणि जून २०१७ मध्ये गव्हर्नरांनी त्यावर सही केली. समर्थकांचे म्हणणे होते की मतदाराने प्रत्येक उमेदवाराकडे पाहून मत द्यावे. विरोधकांचे म्हणणे होते की लांब मतपत्रिकेवर एकेक बटण दाबायला लागले की रांगा वाढतील, आणि त्याचा फटका शहरातल्या अल्पसंख्याक वस्त्यांना बसेल. दोन्ही मुद्दे मनापासूनचे होते, आणि दोन्हीमागे पक्षाचे गणितही होते.

अखेरच्या टप्प्यावर एक दुरुस्ती झाली. कायदा लगेच लागू न करता सप्टेंबर २०२० पासून लागू करायचा. म्हणजे २०१८ची निवडणूक जुन्याच पद्धतीने होणार. तेव्हा त्या दुरुस्तीकडे फार कुणी लक्ष दिले नाही.

काय घडले

फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील न्यायालयाने रोझेनथाल यांच्या निर्णयाचा मुख्य भाग कायम ठेवला आणि आदेशाची भाषा सुधारायला सांगितले. जूनमध्ये नवा आदेश निघाला. चौदा न्यायाधीश पुन्हा अपिलात गेले आणि ऑगस्टमध्ये त्या आदेशाच्या काही भागाला स्थगिती मिळाली. नोव्हेंबर आला तेव्हा हे अपील चालूच होते.

६ नोव्हेंबर २०१८. सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅट बेटो ओरूर्क आणि रिपब्लिकन टेड क्रूझ यांच्यात चुरस होती. क्रूझ राज्यभरात जिंकले, पण हॅरिस काउंटीत ओरूर्क सुमारे दोन लाख मतांनी पुढे राहिले. काउंटीतल्या दर चार मतदारांपैकी तिघांनी स्ट्रेट टिकटचे बटण दाबले होते. त्या लाटेत न्यायाधीशपदाच्या ५९ लढतींत रिपब्लिकन उमेदवार हरले. एकही वाचला नाही. कौटुंबिक आणि बाल न्यायालयांतले, दिवाणी न्यायालयांतले, जामिनाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असेही त्यात होते. काउंटीचे कार्यकारी प्रमुख एड एमेट यांनी वर्षभरापूर्वीच्या हार्वी चक्रीवादळात केलेल्या कामाचे कौतुक दोन्ही पक्षांत होते. तेही थोडक्या मतांनी पडले, आणि २७ वर्षांच्या लीना हिडाल्गो निवडून आल्या. (टेक्सासमध्ये या पदाला ‘काउंटी जज’ म्हणतात, पण ते काउंटीचा कारभार पाहणारे पद आहे.)

किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयांतल्या सगळ्या खुर्च्या डेमोक्रॅट पक्षाकडे गेल्या. अपील लढवणारे गेले. क्ष देखील गेले.

याच दिवशी दुसरेही काही घडले. हॅरिस काउंटीतून न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिलेल्या १९ कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी १७ जणी निवडून आल्या. १९९१च्या दाव्यातला ‘५९ पैकी तीन’ हा आकडा आठवला की या घटनेचे वजन कळते. ज्या पद्धतीने दशकानुदशके या समाजाला न्यायासनापासून दूर ठेवले, तिनेच एका रात्रीत दार उघडले. हा बदल मला मोलाचा वाटतो. न्यायाधीश निवडण्याची नवी पद्धत सुचवणाऱ्या प्रत्येकाने या स्त्रियांचे काय झाले असते, याचे उत्तर दिले पाहिजे.

नव्या न्यायाधीशांनी काय केले

१ जानेवारी २०१९ रोजी नवे न्यायाधीश रुजू झाले. त्यांतले बरेच जण आरोपींची बाजू मांडणारे वकील होते आणि न्यायाधीश म्हणून पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी अपील मागे घेतले. लगोलग नवा स्थानिक नियम केला. किरकोळ गुन्ह्यात अटक झालेल्या बहुतेकांना जातमुचलक्यावर ताबडतोब सोडायचे. घरगुती हिंसा, दारू पिऊन गाडी चालवण्याचा पुन्हा केलेला गुन्हा, आधीच्या जामिनाच्या अटी मोडणे अशा प्रकारांत मात्र न्यायाधीशासमोर सुनावणी व्हायची, आणि तीही वकील सोबत असताना.

जुलै २०१९ मध्ये काउंटीच्या कारभारी मंडळाने तडजोडीला तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०१९ रोजी रोझेनथाल यांनी संमती-हुकूमनाम्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकमाचे रूप देणाऱ्या आदेशावर, शिक्कामोर्तब केले. त्यात सात वर्षांची देखरेख, आरोपींना तारखेची आठवण देण्याची व्यवस्था, तारीख बदलून मिळण्याची सोय, आकडेवारी जाहीर करण्याचे बंधन हे सारे होते. गंमत म्हणजे ज्या सरकारी वकिलांनी आधी सुधारणेला पाठिंबा दिला होता, त्याच, स्वतः डेमोक्रॅट असूनही, या हुकूमनाम्यातल्या तरतुदींना विरोध करत होत्या. पक्ष एक असला तरी प्रत्येकाची कामाची बाजू वेगळी असते.

देखरेखीसाठी ड्यूक विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक ब्रँडन गॅरेट यांची नेमणूक झाली. सुटलेले लोक पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण वाढले नाही, असे त्यांच्या चमूचे सुरुवातीचे अहवाल सांगतात. जामिनाअभावी हजारो माणसे आत राहत होती, ती आता बाहेर राहून खटला लढवू लागली. त्यांची नोकरी टिकली, मुले सांभाळली गेली. या प्रकरणातले सर्वांत मोठे यश हेच आहे.

मग लाट उलटली

२०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत खून वाढले. ह्यूस्टनमध्ये हार्वी वादळाने न्यायालयाच्या इमारतीचे नुकसान केल्यापासूनच खटले तुंबले होते, कोरोनाने ते आणखी तुंबवले. जामिनावर सुटलेल्या आरोपींनी केलेल्या खुनांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. यांतली बरीच प्रकरणे गंभीर गुन्ह्यांची, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांनी दिलेल्या जामिनांची होती. हुकूमनामा फक्त किरकोळ गुन्ह्यांना लागू होता. पण टीव्हीवरच्या चर्चेत हा फरक राहिला नाही. मार्च २०२२च्या प्रायमरीत २०१८ मध्ये निवडून आलेले काही डेमोक्रॅट न्यायाधीश आपल्याच पक्षातल्या विरोधकांकडून हरले. त्या नोव्हेंबरमध्ये मोजक्या जागा रिपब्लिकन पक्षाने परत घेतल्या. काही मतदान केंद्रांवर मतपत्रिकेचा कागद कमी पडल्याने हरलेल्या अनेक उमेदवारांनी दावे लावले, आणि त्यांतल्या एका जागेची निवडणूक पुन्हा घेण्याचा हुकूम २०२४ मध्ये झाला.

म्हणजे न्यायाधीशपदाचा निकाल ठरवायला पुन्हा न्यायाधीशच. तोही दुसऱ्या भागातून बोलावलेला निवृत्त न्यायाधीश, कारण काउंटीतल्या प्रत्येक न्यायाधीशाला या वादात पक्ष होता.

राज्याने तोललेले पर्याय

२०१८च्या निकालानंतर टेक्सासचे सरन्यायाधीश नेथन हेक्ट यांनी विधिमंडळासमोर पक्षीय निवडणुकीवर सडकून टीका केली. ते स्वतः रिपब्लिकन तिकिटावर निवडून आले होते. त्यांच्याही आधी, १९८८ मध्ये, सरन्यायाधीश जॉन हिल यांनी या पद्धतीविरुद्ध प्रचार करण्यासाठी पदाचा राजीनामा दिला होता. तीस वर्षांत दोन्ही पक्षांच्या सरन्यायाधीशांनी हेच सांगितले आणि काही हलले नाही, कारण ज्या पक्षाला त्या वेळी लाटेचा फायदा होत असतो त्याला बदल नको असतो.

२०१९ मध्ये १५ सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्याच्यापुढचे मुख्य पर्याय असे होते : पक्षाचे नाव काढून निवडणूक ठेवायची; १९४० मध्ये मिसुरी राज्याने आणलेली पद्धत घ्यायची, म्हणजे समितीने नावे सुचवायची, गव्हर्नरने नेमायचे आणि काही काळाने मतदारांनी ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढेच सांगायचे; किंवा आहे ते ठेवून पात्रता वाढवायची.

पक्षाचे नाव काढणे ऐकायला सोपे वाटते. पण अनोळखी पन्नास नावांसमोर पक्षाचे अक्षरही नसले तर मतदार आडनाव पाहील, मतपत्रिकेवरचा क्रम पाहील किंवा रकाना कोरा ठेवील. मिसुरी पद्धतीत समितीवर कोण बसणार हा प्रश्न उरतो, आणि कृष्णवर्णीय वकिलांना त्या समित्या म्हणजे जुन्या प्रतिष्ठित वकिलांचा कंपू वाटतो. त्यांची शंका अनुभवातून आलेली आहे.

पैशाचा प्रश्न वेगळाच. न्यायाधीशांच्या प्रचाराला देणग्या देतात ते बहुधा वकील, जे उद्या त्यांच्यासमोरच उभे राहणार असतात. १९९५च्या कायद्याने मोठ्या काउंटीत एका व्यक्तीच्या देणगीवर ५,००० डॉलरची मर्यादा घातली. मर्यादा आली, पण नाते तसेच राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने अहवाल दिला. निसटत्या बहुमताने पक्षीय निवडणूक बंद करण्याची शिफारस झाली, पण तिच्या जागी काय आणायचे यावर एकमत झाले नाही. शेवटी हाती आला तो छोटा बदल : नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी लागणारा अनुभव चार वर्षांवरून आठ वर्षांवर गेला.

दरम्यान २०२० पासून स्ट्रेट टिकटचे बटण गेले होते. ते गेल्यावरही २०२० मध्ये हॅरिसच्या न्यायाधीशपदांवर डेमोक्रॅटच निवडून आले. पक्षाचे अक्षर पाहून एकेक बटण दाबणारा मतदार एकच बटण दाबणाऱ्यापेक्षा फार वेगळा वागत नाही. २०२२ आणि २०२४ मध्ये काही जागा फिरल्या, पण त्या पक्षांमधले अंतर कमी झाल्यामुळे.

कुठे वेगळे करता आले असते

पहिली जागा २०१७ची. न्यायाधीशांनी आदेश मिळाल्याबरोबर तडजोड केली असती तर नियम त्यांनीच, अनुभवाच्या बळावर लिहिले असते. तारखेला हजर राहण्याबद्दलची त्यांची काळजी त्या नियमांत उतरली असती. त्यांनी अपील निवडले आणि नियम लिहिण्याची संधी पूर्णपणे दुसऱ्या बाजूकडे गेली. क्ष यांनी जाहीरपणे हाच सल्ला दिला होता. तो ऐकला गेला नाही.

दुसरी जागा त्या तीन वर्षांच्या मुदतीची. बटण २०१८ मध्येच गेले असते तर निकाल फिरला असता असे मी म्हणणार नाही, २०२०चा अनुभव तसे सांगत नाही. पण थोडक्या मतांच्या लढतींत, आणि एमेट यांची लढत तशी होती, फरक पडू शकला असता.

तिसरी जागा नव्या न्यायाधीशांची, आणि इथे माझे मत थोडे कडक आहे. नियम बदलला तो उत्तम केला. पण किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांतला फरक लोकांना सतत, साध्या भाषेत, आकड्यांसह सांगायला हवा होता. देखरेखीचे अहवाल चांगले होते, पण ते वकिलांसाठी लिहिलेले होते. भीती पसरली तेव्हा त्यांच्या बाजूने लोकांना समजेल असे काही हाताशी नव्हते. चालू खटल्यावर न्यायाधीशाला बोलता येत नाही हे खरे. पण व्यवस्थेवर बोलायला मनाई नाही.

चौथी जागा आयोगाची. काय नको हे ठरले, काय हवे ते ठरले नाही. सगळ्या राज्याला एकच साचा शोधण्याऐवजी फक्त चार-पाच मोठ्या काउंट्यांपुरता प्रयोग सुचवता आला असता. मिसुरीतही ही पद्धत खालच्या न्यायालयांसाठी मोठ्या शहरी भागांपुरतीच आहे. ग्रामीण टेक्सासमध्ये न्यायाधीश मोजकेच असतात आणि लोक त्यांना नावाने ओळखतात. तिथे निवडणूक चालते. ती कोसळते ती साठ अनोळखी नावांच्या यादीपाशी. सोबत न्यायाधीशांची संख्या लहान मतदारसंघांत वाटली असती, तर १९९१च्या दाव्यातली मागणीही पूर्ण झाली असती आणि मतदाराला साठऐवजी चार-पाच नावेच पाहावी लागली असती.

हॅरिसला लागून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत, शुगर लँड आणि केटीच्या परिसरात, मराठी कुटुंबेही राहतात. नागरिकत्व घेतलेल्यांना हीच मतपत्रिका भरावी लागते. २०२२ मध्ये तिथल्या २४०व्या जिल्हा न्यायालयावर केरळमधून आलेले सुरेंद्रन पट्टेल निवडून आले, तेही प्रायमरीत पदावरच्या न्यायाधीशाला हरवून. नेमणुकीच्या पद्धतीत स्थलांतरित वकिलाला हे इतक्या लवकर साधले असते का, सांगता येत नाही. तिथल्या मराठी मतदारांना एकच सांगावेसे वाटते : वकील संघटनेचे मूल्यमापन मतदानाच्या आधी पाहा, आणि आपल्या पक्षाच्या यादीतल्या एका तरी न्यायाधीशाचे काम तपासून मग मत द्या. क्ष यांच्याबाबत हॅरिसच्या मतदाराला हे पाच मिनिटांत करता आले असते. जामिनाच्या दाव्यात त्यांची भूमिका काय होती, हे वर्तमानपत्रांत छापून आले होते.